गव्यांच्या चाऱ्यासाठी माती परीक्षण : माझा अनुभव

राधानगरी तालुक्यात, अभयारण्याच्या हद्दीजवळ आणि वस्तीपासून बऱ्याच उंचावर, आमच्या मालकीचा वीस गुंठ्यांचा तांबडा माळ आहे. दाजीपूरच्या जंगलातून उतरणारे गवे खालच्या उसात शिरण्याआधी या माळावर रेंगाळतात, हे वर्षानुवर्षे पाहिल्यामुळे तेथे कुंपण न घालता चवळी आणि गवत त्यांच्यासाठीच राखावे, असे घरात ठरले. वनविभागाच्या स्थानिक कर्मचाऱ्यांनाही तशी कल्पना दिली.

नमुना उन्हाळ्यात, कोणतेही खत पडण्यापूर्वी घेतला. बांध, झाडाखालची जागा आणि शेणाचे ढीग टाळून, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे केले, त्यांच्या कडेची माती एकत्र कालवली आणि ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत अर्धा किलो माती उरवली. ती सावलीत वाळवून कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत दिली. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (pH; 7 पेक्षा जितका कमी, तितकी जमीन आम्ल), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असे बारा घटक असतात. आम्लता कमी करण्यासाठी चुना किती लागेल, म्हणजे ‘चुन्याची गरज’, हे त्या बारांत नसल्यामुळे ती तपासणी मी वेगळी मागितली.

अहवालात सामू 5.2, सेंद्रिय कर्ब एक टक्क्याहून अधिक आणि स्फुरद ‘अत्यंत कमी’ निघाले. कर्ब भरपूर आहे म्हणून जमीन सुपीक, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. मुसळधार पावसाने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाहून गेलेल्या आम्ल जमिनीत पालापाचोळा सावकाश कुजतो, त्यामुळे कर्ब साठतो पण त्यातील नत्र पिकाला हळूहळूच मिळते. शिवाय अशा मातीतील लोह आणि ॲल्युमिनियम हे खतातून दिलेले स्फुरदही बांधून ठेवतात. म्हणून खताच्या आधी चुना, हा क्रम पत्रकानेच ठरवून दिला. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आमच्याकडे सहज मिळते आणि ती सेंद्रिय खत म्हणून चांगलीही आहे. परंतु सल्फिटेशन पद्धतीच्या, म्हणजे गंधकाच्या धुराने रस स्वच्छ करणाऱ्या, कारखान्यातील मळी चुन्याची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे सांगितलेल्या मात्रेइतकी चुनखडीची भुकटी पावसाआधी पसरून मातीत मिसळली.

चवळी मात्र आषाढाच्या झडीत न पेरता पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरमध्ये पेरली. शिफारस हेक्टरी 40 किलो स्फुरदाची होती. ‘अत्यंत कमी’ वर्गासाठी दीडपट, म्हणजे 60 किलो. वीस गुंठे हा हेक्टरचा सुमारे पाचवा भाग असल्याने आम्हाला 12 किलो स्फुरद लागले आणि सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते 16 टक्के असल्यामुळे हिशोब 75 किलोंवर, म्हणजे दीड पोत्यावर आला. हे खत फोकून न देता ओळीत, बियाण्याच्या थोडे खाली दिले, कारण मातीशी जितका संपर्क कमी, तितके स्फुरद कमी बांधले जाते. त्यातून गंधकही मिळाले, ते वेगळे विकत घ्यावे लागले नाही.

युरियाबाबत शेजाऱ्यांचे मत ठाम होते : “दोन पोती मारा की, गवत कसं उभं राहतंय बघा.” मी ते ऐकले नाही. बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत चोळले की चवळी हवेतील नत्र स्वतः मिळवते. उलट युरियाने तणे माजतात आणि आधीच आम्ल असलेली जमीन अधिक आम्ल होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गवा रवंथ करणारा प्राणी आहे आणि युरिया थेट पोटात गेल्यास गाई-म्हशींना जशी प्राणघातक विषबाधा होते, तशी त्यालाही होऊ शकते. म्हणून गवताच्या पट्ट्यात थोडे कुजलेले शेणखत तेवढे घातले, आणि सुपर फॉस्फेटची रिकामी पोतीसुद्धा त्याच दिवशी घरी आणली.

पेरलेल्या तुकड्याच्या वरच्या बाजूला कातळसडा, म्हणजे पातळ मातीचा उघडा खडकाळ सपाट भाग, आहे. तेथे काहीच घातले नाही. सड्यावरच्या रानवनस्पती अशाच निकस मातीला सरावलेल्या असतात, त्यांना खताची गरज नाही. पुढील नमुनाही उन्हाळ्यातच, याच खोलीवरून काढणार आहे, म्हणजे सामूमधील फरक चुन्यामुळे पडला की नमुना घेण्याच्या वेळेमुळे, हा घोळ होणार नाही. तोपर्यंत पुन्हा चुना टाकायचा नाही.