कुंडीतलं नाताळचं झाड : यंदाची नोंद

यंदा झाडाने फांद्यांचा आणखी एक मजला चढवला. पावसाळ्यात शेंड्यातून फुटलेल्या फांद्या आधी पोपटी होत्या, आता खालच्यांसारख्याच गडद झाल्यात. वसईच्या हवेत कुंडीतल्या अरोकेरियाने एवढं वाढावं, याचा मला फार आनंद आहे.

ही जात, नॉरफोक पाइन, पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरची. कॅप्टन कुक १७७४ मध्ये तिथे उतरला, तेव्हा या सरळसोट खोडांच्या डोलकाठ्या होतील असं त्याच्या मनात आलं. खारा वारा तिला सोसतो, म्हणून आपल्या किनाऱ्यावर ती रमते. नर्सरीत मात्र याच नावाखाली तिची न्यू कॅलेडोनियातली बहीण, कुक पाइन, सर्रास मिळते. तिचं मोठं झाड विषुववृत्ताच्या दिशेला झुकतं, सरासरी आठेक अंश. २०१७ मध्ये त्यावर संशोधन प्रसिद्ध झालं आहे. तेव्हा आपल्याकडे एखादं जुनं झाड दक्षिणेला कललेलं दिसलं, तर दोष वाऱ्याला देऊ नका.

माझी सगळी धडपड असते ती सर्वांत खालच्या मजल्यासाठी. तिथली फांदी एकदा वाळून गळली की त्या जागी पुन्हा फुटत नाही. कोरडी हवा, कमी उजेड, कुंडीत साचलेलं पाणी, ही त्याची नेहमीची कारणं. म्हणून पावसाळ्यात कुंडी विटांवर ठेवते आणि खालची ताटली काढून टाकते. मातीत वाळू आणि कोकोपीट सढळ हाताने, शेणखत बेताचं. एप्रिल-मेमध्ये शेडनेट. कोळी ही बारीक कीड लागू नये म्हणून सकाळी पानांवर पाण्याचा फवारा. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवते, नाहीतर झाड उजेडाकडे वाकतं.

घरात ते २४ डिसेंबरला येतं आणि ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणानंतर, बाहेर जातं. जागा खिडकीजवळ, पंख्याच्या झोतापासून दूर. माळ एलईडीचीच, कारण ती तापत नाही. कापूस किंवा फवाऱ्याचा बर्फ पानांवर अजिबात नको. आणि चांदणी शेंड्यावर कधीच बांधू नका! तो कोंब मोडला की झाडाचा सरळ चढ तिथेच संपतो. मी कुंडीत मागच्या बाजूला बांबूची काठी रोवते आणि चांदणी तिच्यावर लावते. समोरून काठी दिसतही नाही.

परत नेताना घाई नको. आधी काही दिवस पडवीत, मग कोवळं ऊन, मग नेहमीची जागा. खोलीतून थेट उन्हात गेलं तर पानं करपतात.

आता पुढचा विचार. कधीतरी हे झाड छताला टेकणार. बाजूच्या फांदीचं कलम केलं तर रोप आडवंच वाढत राहतं, उभं झाड होत नाही. त्यासाठी शेंड्यालाच गुटी बांधावी लागते, म्हणजे साल काढून तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं, की झाडावरच मुळं फुटतात. मुळं धरली की शेंडा कापून नव्या कुंडीत लावायचा. उरलेल्या खोडावर नवे कोंब येतात, पण मूळचा देखणा आकार राहत नाही. कोणी हे करून पाहिलं असेल, तर गुटी कोणत्या महिन्यात बांधली आणि मुळं यायला किती वेळ लागला, ते जरूर कळवा.