डेन्व्हर ते मोआब, मागे ट्रेलर: वजनाचा हिशेब आणि आय-70 चे घाट

कोलोराडोतलं डेन्व्हर ते युटातलं मोआब, आय-70 महामार्गाने अंतर साधारण 355 मैल. नुसत्या गाडीने सकाळी निघून दुपारी पोचता येतं. मागे कॅम्पर ट्रेलर असेल तर थांबे धरून नऊ तास हाताशी ठेवा. या फेरीतलं निम्मं काम मात्र घरासमोर, गाडी सुरू करण्याआधीच होतं, म्हणून आधी त्याबद्दल.

जोडी अशी: सात आसनांची एसयूव्ही, ओढण्याची क्षमता 5,000 पाउंड. ट्रेलर माहितीपत्रकानुसार 2,700 पाउंड. कागदावर बघितलं तर 2,300 पाउंड शिल्लक दिसतात. आपल्याकडची बरीच मंडळी इथेच थांबतात, आणि चूक इथेच होते.

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या हवेचं पिवळं-पांढरं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा त्यावर असतो. हाच पेलोड. या गाडीचा 1,350 पाउंड. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात, म्हणजे चार मोठी माणसं आणि दोन मुलं: 740 पाउंड. डिकीतला कूलर, बॅगा, खुर्च्या: 150. वजन विभागणारी हिच (ट्रेलरच्या नाकाचा भार गाडीच्या आणि ट्रेलरच्या आसांवर वाटणारी जोडणी) आणि तिच्या दांड्या: 80. झाले 970. उरले 380 पाउंड, आणि ट्रेलरचं नाक गाडीवर जेवढं दाबतं ते टंग वेट याच 380 मध्ये बसवायचं. टंग वेट ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के लागतं. 12 टक्के धरलं, तर ट्रेलर जेमतेम 3,160 पाउंडांचा चालेल. 5,000 पाउंड ओढणारी गाडी सहा माणसं बसल्यावर 3,160 वर येते.

जाहिरातीतला मोठा आकडा खोटा नसतो, पण तो वेगळ्या परिस्थितीतला असतो. उत्पादक ज्या जे-2807 मानकाने क्षमता ठरवतात, त्यात गाडीत दोनच माणसं, प्रत्येकी 150 पाउंडांची, धरलेली असतात. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत माणसांच्या संख्येप्रमाणे उतरत जाणारा तक्ताच असतो. तो शोधून वाचा.

आता ट्रेलरची बाजू. 2,700 हे कोरडं, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. बॅटरी 55, 20 पाउंडी गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या 74, भांडीकुंडी-अंथरुणं 300: झाले 3,129. पाण्याची 25 गॅलनची टाकी घरूनच भरली तर आणखी 208 पाउंड चढतात (एक गॅलन पाणी 8.34 पाउंड), आणि हिशेब कोसळतो. म्हणून टाकी रिकामी न्यायची आणि मोआबला पोचल्यावर भरायची. घाटातून पाणी वाहून नेण्यात काहीच शहाणपण नाही.

टंग वेट घरी मोजता येतं. न्हाणीघरातला वजनकाटा घ्या, त्याच्या उंचीची वीट घ्या, दोन्हींवर मजबूत फळी ठेवा. ट्रेलरचं नाक फळीवर अशा जागी टेकवा की विटेपासून 1 फूट आणि काट्यापासून 2 फूट अंतर राहील. काटा दाखवेल त्याला तिनाने गुणा. आमच्या जोडीत काटा 125 दाखवायला हवा, म्हणजे 375 पाउंड. चाकांना अडण लावल्याशिवाय आणि ट्रेलर सपाटीवर असल्याशिवाय हे करू नका.

आकडा कमी आला म्हणून खूश होऊ नका. बैलगाडीत भार मागे गेला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. इथेही तोच प्रकार, फक्त ताशी 60 मैलांच्या वेगात. नाक हलकं झालं की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. मागच्या बंपरवर लावलेल्या चार सायकली हे त्याचं नेहमीचं कारण. एकूण सामानापैकी सुमारे 60 टक्के वजन आसाच्या पुढे हवं.

हिचचे वर्ग लोक पाठ करतात: पहिला 2,000 पाउंड, दुसरा 3,500, या दोन्हींना बहुधा सव्वा इंची चौकोनी रिसीव्हर, म्हणजे गाडीच्या मागची जोडणी खोचायची नळी; तिसऱ्यापासून दोन इंची. पण वर्गापेक्षा तुमच्या रिसीव्हरवर चिकटवलेलं लेबल महत्त्वाचं. त्यावर बरेचदा दोन ओळी असतात, नुसता भार पेलण्याची आणि वजन विभागणाऱ्या हिचसह पेलण्याची. दुसरी ओळ मोठी असते म्हणून ती आपली समजू नका; तशी हिच प्रत्यक्ष लावलेली असेल आणि गाडीची पुस्तिका तिला परवानगी देत असेल तरच ती लागू. बॉल म्हणजे ज्या गोळ्यावर ट्रेलर टेकतो तो, कपलर म्हणजे त्यावर बसणारं ट्रेलरच्या नाकाचं टोक. बॉलच्या माथ्यावर त्याची क्षमता कोरलेली असते आणि कपलरवर बॉलचा आकार. दोन इंची कपलर 1⅞ इंची बॉलवरही बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच खड्ड्यात उडतो. गाडी, रिसीव्हर, बॉल माउंट (बॉल बसवायचा दांडा), बॉल, कपलर, टायर: यांतला सगळ्यात लहान आकडा हीच तुमची मर्यादा. 3,500 चा बॉल लावून 5,000 ची हिच मिरवू नये.

जोडल्यावर एक तपासणी कधीच टाळू नका. कुलूप बसलं, पिन घातली, की ट्रेलरचा जॅक फिरवून नाक दोन-तीन इंच वर उचला. गाडीची मागची बाजूही सोबत उचलली गेली पाहिजे. कपलर एकटाच वर आला तर तो बॉलवर नुसता टेकला होता. साखळ्या नाकाखालून फुलीत बांधा, म्हणजे कपलर सुटला तरी नाक त्यांच्या झोळीत पडतं, रस्त्यावर नाही. ट्रेलर सुटला की त्याचे ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवे केबल गाडीला स्वतंत्र अडकवा, साखळीला नाही. कोलोराडोत 3,000 पाउंडांपासून पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, त्यामुळे ते गाडीतून लावणारा ब्रेक कंट्रोलर हवाच. रिकाम्या सपाट जागी ताशी 25 मैलांवर त्याची हातपट्टी दाबून बघा: चाकं घसरू नयेत, पण ओढ स्पष्ट जाणवली पाहिजे.

निघताना टायर थंड असतानाच हवा भरा. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी 65 मैल असते. ते वय झाल्याने फुटतात, झिजल्याने नव्हे. बाजूच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. सहा वर्षांवरचा टायर नवा दिसला तरी नको. पहिल्याच ट्रक थांब्यावर वजनकाट्यावर जोडी चढवा आणि प्रत्येक आसाचा आकडा लेबलशी ताडून घ्या.

डेन्व्हर 5,280 फुटांवर, आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे 3 टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्याशी एक तृतीयांश गेलेली असते. उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे ताशी 40-45 ने चढा, टो मोड (गाडीची ट्रेलर ओढण्याची सेटिंग) चालू ठेवा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. शनिवारी सकाळी पश्चिमेकडे आणि रविवारी दुपारी पूर्वेकडे हा रस्ता तुंबतो. मधल्या वारी जा.

बोगद्यातून बाहेर पडताच सिल्व्हरथॉर्नपर्यंत 7 टक्क्यांचा उतार लागतो. खंडाळ्याच्या घाटातला जुना नियम इथेही चालतो: ज्या गियरवर चढलात त्याच गियरवर उतरा. गियर उतार लागण्याआधी टाका. वेग 50 वर गेला की ठाम ब्रेक मारून 40 वर आणा आणि पाय काढा. सतत हलका पाय ठेवलात तर ब्रेक तापून निकामी होतात, आणि जळका वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. सिल्व्हरथॉर्नला थांबून चाकांच्या मध्याजवळ तळहात न टेकवता धरा. सगळी सारखी गरम असतील तर ठीक. एकच भाजत असेल तर त्याचा ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग जातंय. चाकांचे नटही इथेच टॉर्क पान्याने तपासा.

पुढे 10,662 फुटांची व्हेल खिंड, पश्चिमेचा उतार पुन्हा तसाच. मग ग्लेनवूड कॅन्यन, वळणांचा आणि मंद वेगाचा. ग्रँड जंक्शननंतर मोकळं वाळवंट आणि आडवा वारा. इथे ट्रेलर डोलू लागला तर गाडीचा ब्रेक मारू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि कंट्रोलरच्या हातपट्टीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. पेट्रोल फ्रुटा गावात भरून घ्या, मायलेज निम्म्यावर येतं. मोआबसाठी क्रेसेंट जंक्शनहून 191 नंबरचा महामार्ग धरा. 128 नंबरचा नदीकाठचा रस्ता सुंदर आहे, पण अरुंद आणि वळणांचा. तो ट्रेलर सोडून, दुसऱ्या दिवशी करा.

परतताना दोन गोष्टी. आयडाहो स्प्रिंग्जजवळच्या एक्सप्रेस लेनमध्ये 25 फुटांपेक्षा लांब किंवा दोनाहून जास्त आसांच्या गाड्यांना बंदी आहे, म्हणजे तुम्हालाही. आणि जेनेसीजवळ डेन्व्हरची सपाटी दिसली की घाट संपला असं वाटतं, पण मॉरिसनपर्यंत 6 टक्क्यांचा उतार अजून बाकी असतो. 1 सप्टेंबर ते 31 मे डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात बर्फासाठी योग्य टायर किंवा चाकांच्या साखळ्या बाळगण्याचा नियम लागू असतो, तेव्हा पहिली फेरी जूनमध्ये ठेवा.