तुम्ही विचारलंत म्हणून: अंडी खाल्ली तरी घोण का ठेवली?

कुत्रं-मांजर सोडून घोण, म्हणजे मोठी गोम, कशाला, याचं उत्तर द्यायचं मी कधीच सोडलंय. पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो तो टोचतो: "जिनं स्वतःची अंडी खाल्ली तिला तू अजून खायला कशी घालतेस?" जाऊबाई विचारतात, ऑफिसात विचारतात, आणि विचारताना चेहरा असा करतात की उत्तर आधीच ठरलेलं असतं.

गावच्या लाकडाच्या ढिगातून ती आली हे सगळ्यांना माहितीये. कानात जाईल म्हणून तेव्हा सगळे ओरडत होते. ती वीतभर आहे हो, कानात कुठे मावणार. चावली तर मात्र जीव नकोसा होतो, हात सुजतो, म्हणून मी तिला कधी हातात घेत नाही, लांब चिमटा वापरते. डब्यात जाड थर कोकोपीट-मातीचा, एक झाडाची साल, पाण्याची उथळ झाकणी, झाकणाला क्लिपा. माती ओलसर ठेवावी लागते, कोरड्यात घोण सुकून मरते. आठवड्यातून एखाददोन झुरळं. बास.

नर डब्यात कधीच नव्हता, पण मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवू शकते, त्यामुळे पावसाळ्यात तिनं सालीखाली खड्डा केला आणि अंडी घातली. डब्याच्या भिंतीला लागूनच, म्हणून मला दिसायचं. साबुदाण्यासारखा पिवळसर पुंजका, आणि ही त्याच्याभोवती पोट आत करून वेटोळं घालून, पायांनी पुंजका मातीपासून उचलून धरलेला. एकेक अंडं तोंडानं फिरवून चाटायची. तसं चाटलं नाही तर बुरशी धरते. अंडी फुटून पिल्लं स्वतः शिकार करेपर्यंत आई आठवडेच्या आठवडे उपाशी राहते, जागची हलत नाही. आणि जरा धोका वाटला की अंडी खाऊन टाकते. हे मी वाचलेलं होतं, म्हणून झाकणाला हात लावत नव्हते, रात्री टॉर्चला लाल कागद लावून बघायचे तेवढंच.

मग वरच्या फ्लॅटमध्ये बाथरूम फोडायला घेतलं. हॅमर ड्रिल. आमच्या भिंतीला हात लावला तर हाताला झिणझिण्या. डबा हलवावा तर हलवणंच धोक्याचं, न हलवावा तर हे असं. मी वर जाऊन विनंती केली, दोनतीन दिवस थांबा म्हटलं, कशासाठी ते सांगितल्यावर दार लागलं. डब्याखाली उशी सारावी का यावर दुपार गेली, आणि रात्री बघितलं तर वेटोळं सैल, पुंजका अर्धा, आणि ती एक अंडं तोंडाशी धरून सावकाश खात होती. जसं चाटायची अगदी तसंच फिरवत. आधी मला वाटलं चाटतेच आहे. चिमटा माझ्या हातात होता. उरलेली काढून ओल्या टिश्यूत ठेवली असती तर? पण आईशिवाय बुरशीच धरली असती बहुतेक. मी उभी राहिले, शेवटपर्यंत बघितलं, आणि रडले, हो, घोणीच्या अंड्यांसाठी.

त्या रात्री मी वहीत लिहिलं, "ही आई नव्हेच." आता ते वाचलं की भांडावंसं वाटतं. अगं, इतके दिवस उपाशी होती ती, अंडी वाचणार नाहीत असं तिच्या अंगाला कळलं, तर जे तिच्यातून गेलं ते तिनं परत घेतलं, यात क्रूर काय? सशीण पिल्लं खाते, मांजरीण खाते, त्यांना कुणी घराबाहेर काढा म्हणत नाही. पण वहीतली मीही गप्प बसत नाही. ती म्हणते, तुला हे उत्तर सोयीचं आहे म्हणून पटतंय. असेलही. घोणीला मी कळते का, याचंही उत्तर मी "नाही" असंच देते, आणि तरी रोज माती ओली आहे का बघते.

सध्या ती खात नाहीये, झुरळ अंगावरून गेलं तरी सोडून देते. कात टाकायच्या आधीही असंच होतं, त्यामुळे मी काही धरून चाललेली नाही. फक्त आमच्याकडे आलात तर आतल्या खोलीचं दार आपटू नका.