मोनालिसा झाली, आता पुढे काय?

"लूव्रला चाललोय, हातात दोनच तास आहेत. मोनालिसा झाल्यावर काय बघू?" पॅरिसला राहते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मोनालिसाच्या दनों विभागातून निघा, समोरच्या रिशलिय विभागात पहिल्या मजल्यावर जा आणि फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला याची शिंपल्याची पेटी शोधा.

पेटीवरची चांदी पॅरिसची. सोन्याचा मुलामा दिलेल्या या चांदीत ती मढवली प्येर मांगो या राजाच्या सोनाराने, १५३२-३३ मध्ये. पॅरिसच्या सोनारांना कामावर स्वतःच्या शिक्क्याबरोबर त्या वर्षाचं अक्षरही उमटवून घ्यावं लागे, म्हणून साल इतकं नेमकं सांगता येतं.

शिंपल्याचं काम मात्र गुजरातचं आहे! तिथले कारागीर शिंपला कापून, घासून त्याचे पातळ तुकडे करत, बहुतेकदा माशाच्या खवल्यांच्या आकाराचे, आणि ते एकमेकांना भिडवून बारीक खिळ्यांनी लाकडावर ठोकत. शिंपला ठिसूळ. भोक पाडताना हात जरा जड पडला की तुकडा गेलाच. अशा वस्तू पोर्तुगीज जहाजांतून लिस्बनला जात आणि तिथून युरोपभर. गोवा १५१० मध्येच पोर्तुगीजांच्या ताब्यात आला होता. फ्रान्स्वाला या कामाची भारी हौस. १५२९ मध्ये त्याने हिंदुस्थानात केलेला, शिंपल्याची पानंफुलं जडवलेला पलंग एका पोर्तुगीज व्यापाऱ्याकडून विकत घेतल्याची नोंद आहे. मांगोनेच मढवलेली अशी दुसरी पेटी इटलीत मांतुआला आहे.

माझं मत विचाराल तर मांगोचं नक्षीकाम देखणं आहे, पण नजर ठरते ती शिंपल्यावरच. आणि मनाला लागतं ते हे, की चांदी मढवणाऱ्याचं नाव, साल, शिक्का सगळं आपल्याकडे आहे, आणि ज्याच्या कामावर राजा भाळला त्या माणसाचं काहीच नाही. गाव नाही, नाव नाही. मराठी, गुजराती पाहुण्यांनी तरी तिथे घटकाभर थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

बघायचं कसं, तेही सांगते. काचेसमोर नुसते उभे राहू नका. थोडं वाका, डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. शिंपल्यात अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि त्यांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतात. त्यामुळे एकच तुकडा आधी पांढरा, मग गुलाबी, मग हिरवट होतो, आणि शेजारचा त्याच वेळी वेगळाच रंग दाखवतो. फोटोत यातलं काहीही येत नाही. मोबाइल खिशात ठेवा आणि पाच मिनिटं पेटीला द्या.

आणि हो, लूव्र मंगळवारी बंद असतं. तिकीट काढण्याआधी वार बघा.