घाटातला चढ आणि इंटरकूलरचा पंखा : माझा अनुभव

माझ्याकडे ३.० लिटर डी-४डी डिझेल इंजिनाची जुनी टोयोटा फॉर्च्युनर आहे. या गाडीचा इंटरकूलर (इंजिनात दाबून भरली जाणारी तापलेली हवा आत जाण्याआधी थंड करणारी जाळी) रेडिएटरसमोर नसून इंजिनाच्या डोक्यावर आडवा बसवलेला आहे, आणि बॉनेटवरच्या स्कूपमधून, म्हणजे वारा आत घेणाऱ्या उघड्या तोंडाच्या उंचवट्यातून, आत शिरणारा वारा त्याला थंड करतो. गाडी पळत असते तोवर ही रचना चोख काम करते. मात्र मे महिन्यात, सुट्टीच्या दिवशी खोपोलीहून बोरघाट चढताना ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगावे लागले, की स्कूपमधून वारा येणे जवळजवळ थांबते, खालून इंजिनाची धग वर चढत राहते आणि इंटरकूलर हवा थंड करण्याऐवजी स्वतःच तापून बसतो. पुढे रस्ता मोकळा झाला तरी गाडी काही वेळ मनासारखी ओढत नाही. यावर उपाय म्हणून मी इंटरकूलरला विजेचा पंखा बसवून घेतला.

टर्बोने (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राने) ३५ अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली आणि त्यातल्या हवा दाबणाऱ्या भागाची, म्हणजे कॉम्प्रेसरची, कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती हवा १३० अंशांच्या आसपास तापते. दाब तोच राहून इंटरकूलरमधून बाहेर पडणारी हवा ५० ऐवजी ८० अंशांची असेल, तर तिची घनता सुमारे साडेआठ टक्क्यांनी कमी भरते, म्हणजे सिलिंडरमध्ये तितका प्राणवायू कमी जातो. चढावर ही तूट पायाला जाणवते. जपानमध्ये मित्सुबिशीने डेलिका व्हॅनच्या २.८ लिटर डिझेल इंजिनावरच्या इंटरकूलरला कारखान्यातूनच विजेचा पंखा दिला होता, त्यामुळे ही कल्पना केवळ हौशी लोकांची नाही याची मला खात्री होती.

पंखा घेण्याआधी मी तापमान मोजण्याची सोय केली, आणि माझ्या मते हेच काम सर्वांत महत्त्वाचे आहे. गाडीच्या एअर फिल्टरजवळच्या सेन्सरमधून मिळणारे तापमान टर्बोच्या आधीच्या हवेचे असते, त्यामुळे ते येथे उपयोगाचे नाही. इंटरकूलरच्या बाहेर पडण्याच्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या टाकीला मी थर्मोकपल (तापमान मोजणारा तारेचा सेन्सर) चिकटवले, इंजिनाची धग त्याला थेट लागू नये म्हणून वरून उष्णतारोधक पट्टी गुंडाळली आणि त्याची वायर डॅशबोर्डवरच्या छोट्या डिजिटल मीटरपर्यंत आणली. त्यानंतर इंटरकूलर उतरवून आतला तेलकट थर धुऊन घेतला, बाहेरच्या फिन्समध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पत्र्यांमध्ये) अडकलेली माती व किडे काढले आणि स्कूप व इंटरकूलर यांच्यामधली झिजलेली फोमची पट्टी बदलली. ही पट्टी दबली असेल तर आलेला वारा फिन्समधून न जाता बाजूने निसटतो. एवढ्यानेच मोकळ्या रस्त्यावरचे तापमान काही अंशांनी उतरले, म्हणून ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी आधी एवढे करून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन.

पंखा निवडताना जागा ही खरी अडचण होती. इंटरकूलरच्या खाली फार जागा नाही, त्यामुळे कमी जाडीचा, ९ इंची, सीलबंद मोटरचा पंखा घेतला. फिन्समधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण कंपनाने त्या पट्ट्या नळ्यांना घासत राहतात. त्याऐवजी फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आच्छादन करून घेतले आणि ते इंटरकूलरच्या मूळ बोल्टांवरच कसले. पंख्याने हवा वरून खाली ओढली पाहिजे, कारण स्कूपमधून येणाऱ्या वाऱ्याची दिशा तीच आहे; मोटरच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर इंजिनाची गरम हवा फिन्समधून वर ढकलली जाईल. जोडणी झाल्यावर मेकॅनिकने वर्तमानपत्राची एक अरुंद पट्टी स्कूपच्या तोंडाशी धरली. पंखा सुरू होताच ती आत ओढली गेली आणि जाळीला चिकटून फडफडत राहिली, तेव्हा दिशा बरोबर असल्याची खात्री झाली.

वायरिंगमध्ये काटकसर करू नये. पंखा चालू असताना सात-आठ अँपिअर घेतो आणि सुरू होताना त्याहून बराच जास्त, म्हणून बॅटरीलगत १५ अँपिअरचा फ्यूज, तेथून अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या (थोड्या विजेवर मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० क्रमांकाच्या पिनला आणि ८७ मधून पंख्याला अशी जोडणी केली. रिलेच्या कॉइलला इग्निशनमधून वीज दिली आणि तिची अर्थिंग ५५ अंशांना आपोआप जुळणारा थर्मोस्विच (तापमानावर चालणारा स्विच) व डॅशबोर्डवरचे बटण यांतून नेली, त्यामुळे किल्ली काढल्यावर पंखा बॅटरी खात नाही.

बोरघाटात रांगताना, बाहेर ३८ अंश असताना, पूर्वी मीटरवर ७० च्या वर दिसणारा आकडा आता ५८ ते ६० च्या दरम्यान राहतो, आणि रांग सुटल्यावर गाडी लगेच ओढ धरते. मात्र द्रुतगती मार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला पंख्याचा काहीच फायदा होत नाही. उलट पाती आणि आच्छादन वाऱ्याला अडवतात, त्यामुळे तापमान पूर्वीपेक्षा दोनेक अंशांनी जास्तच दिसते. त्यासाठी आच्छादनाला रबरी झडपा बसवल्या. वेगात वाऱ्याच्या दाबाने त्या उघडतात आणि पंखा ओढू लागला की मिटतात. यामुळे फरक एका अंशावर आला. ज्यांची गाडी बहुतांश महामार्गावरच धावते, त्यांनी हा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात स्कूपमधून पाणी थेट पंख्यावर पडते, म्हणून रिले बॅटरीच्या बाजूला, पिना खाली राहतील अशा रीतीने बसवला आहे. पावसाळा संपल्यावर इंजिन थंड असताना फ्यूज काढून पाती हाताने फिरवून पाहतो, आणि आच्छादनाचे बोल्ट पुन्हा एकदा कसून घेतो.