तुम्ही विचारलंत म्हणून: टॉवर असताना गाड्यांनी एकमेकींशी बोलायचं कशाला?

कॉलेजात पोरं विचारतात, लग्नकार्यात पाहुणे विचारतात, की सर तुमचं ते गाड्यांचं नेटवर्क ना, मग जागोजागी मोबाईलचे टॉवर असताना गाड्यांनी एकमेकींशी बोलायचं कशाला आणि त्या रूटिंगमध्ये, म्हणजे निरोप कुठल्या वाटेने न्यायचा हे ठरवण्यात, तुम्ही सुधारलं काय. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

मी चाळीसगावचा. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस कन्नड घाटात दरडी आल्या तेव्हा माझ्या मामांची पिकअप घाट चढत होती, रात्रीची वेळ, पाऊस थांबायचं नाव नाही, मोबाईलला एक काडी रेंज नाही. वरून माघारी आलेल्या ट्रकवाल्याने काच खाली करून ओरडून सांगितलं, "पुढे दरड पडेल शे भो, मांगे फिरा!" मामांनी मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला, असं करत निरोप पार पायथ्यापर्यंत पोचला. हेच काम गाडीतल्या रेडिओने आपोआप करावं, माझा विषय तो हाच.

रेडिओ काही नवा नाही. ८०२.११पी हे गाड्यांसाठीचं, वायफायच्याच घराण्यातलं स्टँडर्ड २०१० मध्येच आलं, ५.९ गिगाहर्ट्झवर चालतं आणि त्याला टॉवर लागत नाही. आजूबाजूच्या सगळ्यांना एकदम सावध करायचं तर ते सोपं आहे, पण दरडीपासून पायथ्याच्या चौकीपर्यंतच निरोप न्यायचा तर मधल्या कुठल्या गाडीने कुठल्या गाडीकडे द्यायचा हे ठरवावं लागतं, आणि गाड्या तर पळताहेत!

एओडीव्ही नावाचा जुना प्रोटोकॉल आहे, २००३ चा. ज्याला निरोप पाठवायचाय तो शेजारच्यांना विचारतो की अमक्याकडे जायचा रस्ता आहे का, ते पुढच्यांना विचारतात, उत्तर आलं की कमीत कमी हॉपचा रस्ता धरायचा (हॉप म्हणजे एका गाडीकडून दुसरीकडे निरोपाची एक उडी). ऐकायला बरोबर वाटतं, पण कमी हॉप म्हणजे लांब लांब उड्या, म्हणजे निवडलेली गाडी नेमकी रेंजच्या काठावरची, आणि तीच सगळ्यात आधी हातातून जाते. धुळ्याच्या हायवेवरचा हिशोब घ्या. रेंज २५० मीटर, दोन गाड्या ८० च्या स्पीडने समोरासमोरून आल्या तर त्यांची भेट जेमतेम ११ सेकंदांची, पण एकाच दिशेने ८० आणि ७० ने चाललेल्या दोघी, एक दुसरीला ओव्हरटेक करून जाईपर्यंत, ३ मिनिटं एकमेकींच्या रेंजमध्ये राहतात. एओडीव्हीला या दोघींतला फरकच कळत नाही, त्याच्या लेखी दोन्हीकडे एकच हॉप.

मी त्यात बदल केला तो एवढाच, की विचारणा पुढे जाताना प्रत्येक गाडी आपली जागा, स्पीड आणि दिशा त्यात जोडते, त्यावरून ही जोडी किती सेकंद टिकेल ते काढायचं, आणि रस्ता निवडताना त्यातली सगळ्यात कच्ची कडी बघायची, ज्याची ती जास्त टिकेल तो रस्ता धरायचा. सुमो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये खोटी वाहतूक उभी केली, एनएस-३ या नेटवर्कच्या सिम्युलेटरवर चालवून बघितलं. हॉप एखाद-दोन वाढले, पण रस्ते तुटायचे कमी झाले आणि पॅकेट, म्हणजे निरोपाचे तुकडे, जास्त पोचली, मला हा सौदा मान्य आहे. कारण रस्ता तुटला की परत सगळ्यांना विचारत बसावं लागतं आणि त्या गलक्यातच हवा भरून जाते.

घाटाने मात्र मला वेगळंच शिकवलं. आधी मी जीपीएसआरच्या वाटेने गेलो होतो, २००० सालची कल्पना, ठिकाणाच्या जो सरळ रेषेत सगळ्यात जवळ त्याच्याकडे द्या. सपाटीला ठीक आहे हो, पण घाटातल्या वळणावर खालच्या रस्त्यावरचा ट्रक नकाशात अगदी पायाखाली दिसतो आणि मध्ये असतो अख्खा कातळ, ५.९ गिगाहर्ट्झ त्यातून काय जाणार? म्हणून घाटात अंतर मोजायचं ते रस्त्याने, वळणं धरून. हे मला खुर्चीत बसून सुचलं नसतं, मामांसोबत एकदा परत घाट चढलो तेव्हा वळणावर उतरून खाली बघितलं आणि डोक्यात बसलं.

राहिला रात्री दोन-अडीचचा प्रश्न, रस्त्यावर गाडीच नसेल तर? तिथे टिकाऊ कडी शोधून उपयोग नाही, कडीच नाही. तेव्हा ज्या गाडीकडे निरोप आहे तिने तो तसाच सांभाळून न्यायचा आणि पुढची भेटली की द्यायचा, आपल्याकडे डबा नाहीतर औषधं एसटीच्या ड्रायव्हरकडे देतात ना, तसं. सध्या माझं काम तिथेच चाललंय, निरोप किती वेळ जवळ ठेवायचा आणि कधी टाकून द्यायचा, कारण उचललेल्या दरडीची खबर सकाळी आठला पोचवून उगाच गाड्या थांबवायच्या नाहीत.