तंबाखू मोझेक विषाणूची प्रतिकृती : पहिले तीन वेढे पूर्ण

ज्यांनी आपापल्या घरी विषाणूंच्या प्रतिकृती बनवल्या आहेत, त्यांच्यासाठी ही प्रगतीची नोंद आहे. तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या या विषाणूची दांडी सुमारे 300 नॅनोमीटर लांब आणि 18 नॅनोमीटर जाड असते, आणि ती सुमारे 2130 एकसारख्या प्रथिन-एककांची मळसूत्री रचना असते. एका नॅनोमीटरला एक सेंटिमीटर हे प्रमाण धरले, तर संपूर्ण दांडी तीन मीटरची होईल; त्यामुळे मी 49 एककांवरच थांबलो आहे.

हा आकडा मनमानीने घेतलेला नाही. एका वेढ्यात 16⅓ एकके बसतात, त्यामुळे पन्नासावे एकक तीन वेढ्यांनंतर बरोबर पहिल्याच्या डोक्यावर येते. दोन एककांमधला कोन सरळ 22 अंश धरला, तर शेवटी दोन अंशांची तूट येते आणि बाहेरच्या कडेवर तीन मिलिमीटरचा फरक उघड दिसतो. म्हणून कोनमापक बाजूला ठेवून 37.7 सेंटिमीटर पाया (पाइपच्या परिघाच्या तिप्पट) आणि 6.9 सेंटिमीटर उंची (तीन वेढ्यांची) असलेला कागदी काटकोन त्रिकोण कापला, त्याच्या पायाचे 49 समान भाग पाडले आणि तो 40 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर उंच बाजूकडून गुंडाळला. त्याची तिरपी कड हाच मळसूत्राचा मार्ग ठरतो.

जुळणीचा खरा गाभा मात्र आरएनएजवळ, म्हणजे विषाणूची आनुवंशिक माहिती असलेल्या धाग्याजवळ, आहे. सुटी प्रथिने आधी 17-17 एककांच्या दोन थरांची चकती बनवतात. आरएनएमधला ठरावीक भाग तिच्या मधल्या छिद्रातून दोन थरांमध्ये शिरला की आतल्या बाजूचे सैल वळसे घट्ट होतात आणि सपाट चकती स्प्रिंग वॉशरसारखी तिरपी होते. अक्षापासून चार सेंटिमीटरवर प्रतिकृतीतल्या प्रत्येक तुकड्याला खाच ठेवून मी त्यात आरएनए म्हणून तांब्याची तार बसवली आहे. एका एककाच्या वाट्याला तीन न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतले दुवे) येतात, म्हणजे इतक्या तारेत 147. फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी 1955 मध्ये वेगळी केलेली प्रथिने आणि आरएनए एकत्र करून पुन्हा संसर्गक्षम विषाणू मिळवला होता, यावरून या घटकांमध्येच जुळणीची किती माहिती असते, हे ध्यानात येते.

आता पाइप काढायचा आहे. वाढत्या दांडीत आरएनएचे एक टोक मधल्या पोकळीतूनच वर ओढले जाते आणि त्याच्या दोन्ही शेपट्या एकाच बाजूने बाहेर राहतात. ते दाखवायचे, तर आधाराचा पाइप अडथळाच ठरतो. तुकड्यांचे सांधे पुरेसे पक्के झाले की तार त्या पोकळीतून ओवून घेणार आहे.